‘सावकाश जा’ म्हणून सोडू नका

कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तरुण मंडळाच्या नऊ जणांनी, सात मुलगे आणि दोन मुली, मला लिहून विचारलं आहे. वैशाखात त्यांचा एक मित्र यात्रेचं जेवण करून कळ्याकडून रात्री मोटारसायकलवर परतत होता. तो घरी पोचला नाही. आता ३१ डिसेंबरच्या आधी त्यांना दारू पिऊन गाडी चालवण्यावर पाच मिनिटांचा व्हिडिओ करून चौकात दाखवायचा आहे. हाताशी दोन मोबाईल आणि एक ट्रायपॉड आहे. त्यांचे प्रश्न तीन: अपघात खरा कसा वाटेल, रक्त कशाचं करायचं, आणि शेवटी पोलीस अधिकाऱ्यांचे दोन शब्द घ्यावेत का.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे: अपघात दाखवू नका. तिसऱ्याचं उत्तर: साहेबांना जरूर बोलवा, पण व्हिडिओत नको, खेळ संपल्यावर चौकात बोलू देत. हे असं का, ते जरा सविस्तर सांगते. गेली बावीस वर्षं मी जिल्ह्यातल्या तालमींतली, कॉलेजांतली, बचत गटांतली माणसं घेऊन असे व्हिडिओ करते आहे, आणि या विषयावरचा माझा पहिला व्हिडिओ अगदी तुमच्या मनात आहे तसाच होता.

त्यात सगळं होतं. फुटलेली हेडलाईट, रस्त्यावर पडलेली चप्पल, कुंकू आणि काकवी कालवून केलेलं रक्त, मागे रुग्णवाहिकेचा भोंगा. एका कॉलेजात तो दाखवला तेव्हा सभागृह चिडीचूप होतं आणि मला वाटलं, पोचलं. कार्यक्रम संपल्यावर मागच्या बाकांवरची तीन-चार पोरं आली आणि म्हणाली, “मॅडम, तो गाडी उडते तेवढाच तुकडा पेनड्राईव्हवर मिळंल का?” त्याच सभागृहातून एक मुलगी अर्ध्यातच उठून बाहेर गेली होती. तिचा भाऊ दीड वर्षापूर्वी गेला होता, हे मला नंतर कळलं. ज्यांना काही लागायला हवं होतं त्यांना तो स्टंट वाटला, आणि जिला आधीच पुरेसं लागलं होतं तिची जखम आम्ही पुन्हा उघडली. तेव्हापासून मी रक्त दाखवत नाही.

यामागे कारण आहे. माणसाला नुसतं घाबरवलं आणि त्यातून सुटण्याची वाट दाखवली नाही, की तो भीती झटकून टाकतो. ‘तो येडा होता, मी नीट चालवतो’ एवढं मनाशी म्हटलं की काम झालं. पडद्यावर जितकं जास्त रक्त, तितकं ते दुसऱ्या कुणाचं तरी असणं सोपं. त्यातून तुमचे प्रेक्षक आपापल्या मोबाईलवर दर आठवड्याला खऱ्या अपघातांची सीसीटीव्हीची दृश्यं बघतात. तुमच्या कुंकवाच्या पाण्याने त्यांचं काय होणार?

आता मला या विषयात जे सगळ्यात मोलाचं सापडलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मुलाशी बोलत होतो. तो गाडीवर मागे बसला होता, मित्र चालवत होता. मित्र गेला, हा वाचला, पाय मात्र कायमचा आखडला. कॅमेरा लावला होता पण तो अपघाताबद्दल बोलेना, आणि आम्हीही विचारलं नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर तो आपणहून म्हणाला, “मी त्याला तीनदा म्हटलं, हळू चल. उतर असं एकदाबी म्हटलं न्हाई.”

त्या दिवशी मला कळलं की व्हिडिओ कुणासाठी करायचा. पिणाऱ्यासाठी करायचाच नाही. शेजारी उभं राहून ‘हळू चल’ म्हणणाऱ्यासाठी करायचा.

आपल्याकडच्या यात्रेच्या जेवणाचं डोळ्यांसमोर आणा. मित्राच्या गावी यात्रा, तुम्ही दहा जण पाच गाड्यांवर जाता. अंगणात मांडव, तांबडा-पांढरा, भाकरीची चळत, मटणाच्या वाढप्याची घाई. मागच्या शेडमध्ये किंवा उसाच्या बांधावर एक बैठक आधीच बसलेली. रात्री साडेअकराला निघायची वेळ होते. यजमान दारापर्यंत येतो, खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, “सावकाश जावा रं. पोचल्यावर फोन करा.” त्याला दिसत असतं. वास येत असतो. गाडी स्टँडवरून काढताना एकाचा झोक जातो, सगळे हसतात. आणि तरी तोंडातून निघतं ते ‘सावकाश जावा’. न जेवलेल्या पाहुण्याला हाताला धरून मागं ओढणारा, ‘दोन घास खाल्ल्याबिगर सोडणार न्हाई’ म्हणून उंबऱ्यात आडवा उभा राहणारा हा आपला जिल्हा. त्याच उंबऱ्यातून प्यालेला पाहुणा मात्र आपण गाडीवर बसवून देतो, वर टाटा करतो. तुमच्या व्हिडिओचा विषय हा आहे. गाडी सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. सुरू झाल्यानंतरचं काहीच दाखवायची गरज नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी कथा तिच्यावर उभी राहील. दारूचा परिणाम पाय लटपटण्यापासून सुरू होत नाही. पहिला फटका बसतो तो विचारशक्तीला, स्वतःला जोखण्याच्या क्षमतेला. ‘मी ठीक आहे का?’ याचं उत्तर देणारा मेंदूचा भागच आधी ढिला पडतो. म्हणून प्यालेल्या माणसाला ‘चालवशील ना नीट?’ विचारणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळाला वेळ विचारणं. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच ठीक वाटत असतं. निर्णय दुसऱ्याने घ्यायला हवा तो यामुळे, आणि शक्यतो पहिला पेला भरण्याआधी घ्यायला हवा.

आकडे हवेत ना तुम्हाला? हे घ्या, पण जपून वापरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. साध्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाने ती पटकन संपवली, तर ढोबळ हिशेबाने रक्तातलं प्रमाण १२० च्या घरात जातं, म्हणजे मर्यादेच्या चौपट. बाईच्या किंवा हडकुळ्या पोराच्या रक्तात याहून जास्त. ‘मी फक्त बिअर घेतली’ म्हणणाऱ्यासाठी: ६५० मिलिलिटरच्या आठ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत क्वार्टरच्या जवळजवळ दोन तृतीयांश अल्कोहोल असतं. आणि शरीर हे अल्कोहोल आपल्याच गतीने जाळतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. एक क्वार्टर पूर्ण उतरायला आठ तासांच्या आसपास लागतात. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यातल्या कशानेही ती गती वाढत नाही. आपल्याकडचा लाडका समज, ‘पोटभर मटण खाल्लंय, चढत न्हाई’, हाही अर्धवट खरा आहे. भरल्या पोटी दारू हळूहळू रक्तात उतरते, रक्तातला आकडाही थोडा कमी चढतो, पण दारू पोटातून गायब होत नाही. उलट जेवताना ठीक वाटतं आणि अर्ध्या रस्त्यात बालिंग्याच्या पुलापाशी ती अंगावर येते.

सकाळचा हिशेबही मांडा, तो कुणी मांडत नाही. रात्री दहा ते बारा दोन क्वार्टर घेतलेला माणूस सहाला उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या पहिल्या पाळीला निघतो. झोप झालेली असते, म्हणून त्याला वाटतं उतरली. रक्तात मात्र मर्यादेच्या कितीतरी वर शिल्लक असते. सकाळी दूध घालायला जाणारे, उसाची ट्रॉली घेऊन वजनकाट्याला निघालेले, शाळेची गाडी चालवणारे, सगळ्यांना हा हिशेब लागू.

जपून वापरा असं म्हटलं, त्याचं कारण सांगते. आकडे पडद्यावर लांबण लावून दिले की बघणारा त्यातून उलटी बेरीज करतो: ‘म्हणजे अर्धी क्वार्टर चालतीय की.’ तुमच्या व्हिडिओतून ‘एवढी प्यायली तर चालेल’ असा एकही आकडा निघता कामा नये. माझं मत विचाराल तर एकच वाक्य ठेवा: एका क्वार्टरला आठ तास. ते लक्षात राहतं आणि त्याची उलटी बेरीज होत नाही.

देशपातळीवरची आकडेवारीही व्हिडिओत घालू नका. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, हा केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. पण त्याच अहवालात दारूमुळे म्हणून नोंदलेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत. चौकातला एखादा हुशार गडी तेवढंच धरून बसेल: बघा, दारूनं कमीच मरतात. अपघातानंतर प्रत्येकाच्या रक्ताची वेळेवर तपासणी होते का, भरधाव वेग म्हणून नोंदलेल्या किती अपघातांत वेगाच्या मागे दारू होती, हे सगळं तुम्हाला मग समजावत बसावं लागेल. पाच मिनिटांत ते जमत नाही.

त्यापेक्षा दोरी घ्या. हा प्रयोग मी चार ठिकाणी केला आहे आणि कुठेही फसला नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. गल्लीत १७ मीटर दोरी ताणून दाखवा: एवढं अंतर एका सेकंदात. मग म्हणा, दारूमुळे ब्रेकवर पाय जायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला असं धरू, आणि आणखी आठ मीटरची लाल दोरी जोडा. त्या लाल दोरीच्या टोकाला लहान पोरांना उभं करू नका, ते नाटकी होतं. टोकाला उसाची रिकामी ट्रॉली उभी करा. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, तुमच्या प्रत्येक प्रेक्षकाने अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक समोर आल्याचा अनुभव घेतलेला आहे. बोलायची गरज पडणार नाही.

आता गोष्ट. ती तुमची तुम्हीच लिहा, मी फक्त आम्ही कसं केलं ते सांगते. आमच्या व्हिडिओत पाहुणे गावात येतात तेव्हाच, चपला काढायच्या जागी, यजमानाचा मुलगा हात पुढे करतो: किल्ल्या. दहा जणांच्या पाच किल्ल्या. दारूचा विषयसुद्धा अजून निघालेला नाही. पहिल्या वेळी आम्ही त्या किल्ल्या आजीच्या कनवटीला दाखवल्या होत्या. म्हातारी झकास होती, कनवट घट्ट आवळून ती कॅमेऱ्याकडे बघते तो शॉट अजून लोकांच्या लक्षात आहे. पण एका गावात खेळ संपल्यावर एक सून उठून म्हणाली, “प्यायचं ह्यांनी आणि राखण आम्हीच करायची व्हय?” तिचं शंभर टक्के बरोबर होतं. दारूच्या प्रत्येक भानगडीत आपण घरच्या बाईला पहारेकरी करतो, आणि मग रात्री किल्लीसाठी शिव्या आणि प्रसंगी मार तिनेच खायचा. पुढच्या व्हिडिओत किल्ल्या देवळीत ठेवल्या आणि देवळीपुढे यजमानाचा धाकटा भाऊ वाकळ अंथरून बसला. तुमच्यात दोन मुली आहेत, हा मुद्दा त्यांना विचारा. त्या माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.

संवाद आपल्या बोलीत ठेवा. शुद्ध भाषेत ‘मित्रा, मद्यप्राशन करून वाहन चालवू नकोस’ असं कुणी म्हणालं की मी प्रेक्षकांत बसून माना खाली जाताना पाहिल्या आहेत. आमचा प्रसंग असा होता:

“किल्ली दे.”

“आरं मला काय झालंय? बघ की, सरळ हुबा हाय.”

“काय झालं न्हाई तुला. किल्ली दे.”

“इस्वास न्हाई व्हय माझ्यावर?”

“हाय. सकाळी चहा घेऊन ह्याच हातानं परत देतो. आण हिकडं.”

यात एक कसब आहे, ते मुलांच्या लक्षात आणून द्या. किल्ली मागणारा ‘तू प्यायलायस’ असं एकदाही म्हणत नाही. किती प्याला, चढली की नाही, या वादात तो शिरतच नाही, कारण त्या वादात प्यालेलाच जिंकतो. त्याचा आवाज मोठा असतो. हा आपला किल्ली, किल्ली, किल्ली. आणि तो मित्राचा मान राखतो. आपल्याकडे मान गेला की माणूस हट्टाने गाडीवर बसतो.

तरी कुणी ऐकलंच नाही तर? दोघा-तिघांनी मिळून बोला, एकट्याने झोंबाझोंबी करू नका. जुने फिटर सांगतात तशी गाडीच्या प्लगची टोपी उपसून खिशात टाकता येते. गाडी सुरूच होणार नाही आणि भांडणही नाही. पेट्रोलचा कॉक मात्र कधीही बंद करू नका. पाईपमधल्या पेट्रोलवर गाडी थोडी जाते आणि भर रस्त्यात, अंधारात बंद पडते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एका व्हिडिओच्या चर्चेत एका मुलाने हाच उपाय अभिमानाने सांगितला होता.

मुक्कामाचं थोडं सविस्तर बोलायला हवं. १९८८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने टीव्ही मालिकांच्या लेखकांना गाठून एक साधी कल्पना संवादांत पेरायला लावली: पार्टीला जाताना एकाने न पिण्याचं आधी ठरवायचं आणि गाडी त्यानेच चालवायची. कल्पना चांगली, आणि तीही पिणाऱ्याच्या सोबत्यांशी बोलणारी, म्हणून मला जवळची. पण ती चारचाकीवाल्या देशाची आहे. आपण दहा जण पाच मोटारसायकलींवर जातो. एकाने न पिऊन काय होणार, पाच जण कोरडे राहायला हवेत. आणि कोरड्या चालकामागे प्यालेला माणूस बसवला तरी तो डुलक्या देत कलंडतो, वळणावर भलतीकडे झुकतो आणि दोघांना पाडतो. म्हणून आपल्याकडचा खरा उपाय म्हणजे मुक्काम. यात्रेच्या घरात दहा माणसं झोपायला जागा नसते असं कधी होत नाही. मांडव असतो, सोपा असतो, माळा असतो. यजमानाने जेवणाचं बोलावणं देतानाच म्हणावं, ‘मुक्कामाला या’. शेवटचा शॉट कुठला घ्यावा असं मला विचाराल, तर मांडवात ओळीने घोरत पडलेले दहा जण, वर वाकळा, आणि बाजूला पहाटेच्या उजेडात उभ्या पाच गाड्या. शहरातल्या ३१ डिसेंबरसाठी हीच गोष्ट गच्चीवर घडवा, नाहीतर रिक्षावाल्या काकांशी आधीच बोलून ठेवलेलं दाखवा.

तुमच्या मित्राबद्दल. हे वाचताना तुम्हाला जड जाईल, पण लिहिते. व्हिडिओत त्याचं नाव, फोटो, त्याची गाडी, अपघाताची जागा, काहीही वापरू नका. घरच्यांनी हो म्हटलं तरी लगेच नको. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा चालू असेल, किंवा पुढे करायचा असेल, तर ‘तो प्यायला होता’ असं त्याच्याच मित्रांनी जाहीर व्हिडिओत म्हणणं त्याच्या आईवडिलांना महागात पडू शकतं. दाव्याचं काम बघणाऱ्या वकिलांना विचारल्याशिवाय त्या दिशेला पाऊलही नको. दुसरं म्हणजे, त्या रात्री त्याच्यासोबत जेवायला तुमच्यातलेच काही जण असतील. त्यांनी स्वतःलाच दोषी धरलेलं असणार. त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका. त्यांना बोलायचं असेल तर आधी कॅमेऱ्याशिवाय, रंकाळ्याच्या काठावर बसून बोला. नंतरही त्यांची इच्छा असेल तर फक्त आवाज घ्या, चेहरा नको.

कायद्याचं फार ताणू नका. एक पाटी पुरे: कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत किंवा १५,००० किंवा दोन्ही. मात्र मी त्याच्याखाली कलम १८८ आवर्जून घालते, कारण ते कुणालाच माहीत नसतं. या गुन्ह्याला जो चिथावणी देतो, मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. मित्र प्यालाय हे माहीत असून स्वतःची गाडी त्याच्या हातात देणारा यात अडकू शकतो. आणि पोरगा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. शेवटच्या पाटीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत: ११२ आणि १०८. त्याखाली एक ओळ, की जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, कलम १३४ अ. दवाखान्यात नेलं की पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, या भीतीने आपल्याकडे माणसं बघत उभी राहतात. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, जखमीला पोचवून नाव न सांगता निघून जाण्याचा हक्क तुम्हाला आहे.

शूटिंगचं काम तुम्हाला जमेल. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, तिथे दोन मोबाईल कमी पडतात असं म्हणू नये. फक्त काही गोष्टी सांभाळा. चालत्या रस्त्यावर शूटिंग करायचं नाही, कितीही मोकळा वाटला तरी. धावणारी गाडी दाखवायचीच असेल तर गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, इंजिन बंद ठेवा, समोरून एकाने टॉर्च हळूहळू बाजूला सरकवत न्यावा आणि मागून दुसऱ्याने शर्टावर पंखा मारावा. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये ते खपून जातं. खरी दारू सेटवर अजिबात नको, पेल्यात कोरा चहा. बाटलीचं लेबल काढून टाका. अठराच्या आतल्या कुणाला पिणाऱ्याचं काम देऊ नका, आणि त्यांना नुसतं कॅमेऱ्यासमोर आणायचं असलं तरी पालकांची लेखी परवानगी घ्या. चौकात पडदा लावायचा तर पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत आधी अर्ज द्या.

रात्रीचं शूटिंग करताना रस्त्यावरच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, लुकलुक जाईल. एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कुणी पांढऱ्या शर्टात समोरून गेला की सगळा प्रसंग काळा पडेल. फोन विमान मोडवर टाका. पैसे खर्च करणार असाल तर ते फक्त कॉलर माईकवर करा. चित्र थोडं खराब चालतं, आवाज खराब असला की लोक उठून जातात. तुमच्या गोष्टीत तर किल्लीच्या आवाजाला पात्राइतकी किंमत आहे. देवळीच्या दगडावर किल्ली ठेवल्याचा, खिशातून काढताना जुडगा वाजल्याचा आवाज शांत खोलीत वेगळा भरून घ्या, एकाच किल्लीचा दहा-बारा वेळा. संगीत फार लावू नका. गाणी इंटरनेटवरून उचलू तर नकाच. तुमच्या तालमीत हलगी वाजवणारं कुणी असेल, तर यात्रेच्या सुरुवातीला तीस सेकंद हलगी, आणि किल्लीच्या प्रसंगाला पूर्ण शांतता.

पहिला कट गुरुजींना किंवा नगरसेवकांना दाखवू नका. ते कौतुक करतील आणि तुम्ही फसाल. तो मंडळातल्या पिणाऱ्या थोरल्यांना दाखवा, दुपारी, चार-पाच जणांना, खुर्च्या गोलाकार मांडून. ‘आवडला का’ असं विचारू नका. ‘येत्या ३१ ला तुमची गाडी कुठं असंल?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ते ज्या ठिकाणी हसले, ज्या ठिकाणी मोबाईलकडे वळले, ती ठिकाणं लिहून ठेवा आणि कापा. आमच्या एका व्हिडिओचे सात मिनिटांचे साडेचार झाले ते अशाच एका दुपारी, आणि कापलेल्या अडीच मिनिटांत माझा सगळ्यात आवडता प्रसंग गेला.

आणि चौकात दाखवण्याआधी मंडळात नियम करा, नाहीतर दाखवू नका. तुमच्या मंडळाच्या जेवणाला, सहलीला, फुटबॉलचा सामना जिंकल्यावरच्या पार्टीला किल्ल्या आधी डब्यात पडतात का? पडत नसतील तर पेठ लहान आहे, लोक तोंडावर विचारतील. एका मंडळाने व्हिडिओच्या शेवटी स्वतःचा पितळी डबाच पडद्यापुढे आणून ठेवला होता. पुढच्या वर्षी शेजारच्या गल्लीत तसाच डबा आला. व्हिडिओ किती जणांनी बघितला हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, पण डबे किती झाले ते दर दिवाळीला सांगतात. सध्या अकरा आहेत.

राहिलं एक. सगळ्यांच्या आधी, कट पूर्ण झाल्यावर, तुमच्या मित्राच्या आईवडिलांकडे जा. सगळे नऊ जण नको, दोघं-तिघं जा. त्यात त्याचं नाव नसलं तरी ते त्यांना ओळखू येईल. त्यांना मोबाईलवर दाखवू का असं विचारा. बघायचं नाही म्हणाले तर गोष्ट तोंडी सांगा. चौकात लावू नका म्हणाले तर यंदा लावू नका, मंडळात डबा तेवढा ठेवा. मी शनिवारी दुपारी तीननंतर मोकळी असते. संवाद कागदावर लिहून घेऊन या, आणि त्या दोघी मुलींनाही सोबत आणा.